शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलांना नाणेसंग्रहाची गोडी कशी लावावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

सर्वांना नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे नाणी जमवणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे आणि महिन्यातून एका रविवारी आम्ही सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतो. कुणाकडे शिवराया (मराठा काळातील तांब्याची नाणी) आहेत, कुणाकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील रुपये, तर कुणी केवळ स्वतंत्र भारताची नाणी सालवार लावत असतो. अडचण अशी की, आमच्यातील वयाने सर्वांत लहान सभासदही आता पन्नाशीच्या पलीकडे गेला आहे. मध्यंतरी एका ज्येष्ठ सभासदांचे निधन झाले. त्यांच्या मुलांना वडिलांच्या संग्रहात रस नव्हता, आणि आमच्यापैकी कुणाला कळण्यापूर्वीच त्यातील चांदीची नाणी सराफाकडे वजनावर गेली व तांब्याची मोडीत निघाली. कोणते नाणे कोठून मिळाले याची नोंद त्यांनी एका वहीत ठेवली होती. ती वहीही कुठे दिसली नाही. पुढची पिढी तयार झाली नाही तर आमच्या सर्वांच्याच डब्यांचे हेच होणार, हे त्या दिवशी लख्ख कळून चुकले.

आता येथील एका माध्यमिक शाळेने शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांसाठी एक तास देऊ केला आहे. यापूर्वी आम्ही गणेशोत्सवात एकदा प्रदर्शन मांडले होते. मुले आली, काचेतून पाहिले, आणि बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : "याचे किती येतील?" त्यावर काय उत्तर द्यावे हे आम्हाला सुचत नव्हते. शनिवारच्या तासाला मुलांच्या हाती नेमके काय द्यावे, फारसा खर्च न करता सुरुवात कशी करावी आणि त्या किमतीच्या प्रश्नाचे काय करावे, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : सालवार

कृष्णाकाठ, आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. मी निवृत्त शिक्षक असून शाळेत असताना असा उपक्रम काही वर्षे चालवला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली विनंती अशी की, पहिले काही तास आपल्या संग्रहातील एकही नाणे शाळेत नेऊ नका. शिवराई दाखवली की मुले ती आदराने पाहतात आणि ही आपल्या आवाक्यातली गोष्ट नव्हे असे ठरवून मोकळी होतात. त्याऐवजी गावातील किराणा दुकानदाराकडून किंवा बँकेतून दोनशे-तीनशे रुपयांची चिल्लर आणा, ती बाकांवर ओता आणि प्रत्येक गटाला एक भिंग द्या. मग फळ्यावर एवढेच लिहा : सालाच्या खाली काय आहे? मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर सालाखाली शंकरपाळ्यासारखी लहानशी खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर पाच टोकांची चांदणी असते, नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपका असतो आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. ज्या रुपयाने आपण रोज व्यवहार करतो त्यावर आजवर न दिसलेले काहीतरी आहे, हे कळले की वर्गातला आवाज बदलतो. एकाच सालाचे एकच मूल्य चार टांकसाळींत पडलेले असू शकते, हे ध्यानात आल्यावर चारही मिळवण्याची ईर्षा मुलांत आपोआप उत्पन्न होते, आणि हे सगळे दर्शनी किमतीत होते. पाच रुपयांचे नाणे पाच रुपयांनाच पडते. नको असेल तेव्हा त्याचे वडापावात रूपांतर करता येते, ही सोय अन्य कोणत्याही छंदात नाही.

त्यापुढच्या तासाला चुंबक न्या. १९७५ ते १९९१ मधला एक रुपया तांबे-निकेल मिश्रधातूचा असल्यामुळे चुंबकाला चिकटत नाही, त्यानंतरचा पोलादी रुपया चिकटतो. पाच रुपयांचे नाणे तर या बाबतीत फारच बोलके आहे : जुने जाड नाणे तांबे-निकेलचे, २००७ च्या सुमाराचे पोलादाचे आणि २००९ पासून पिवळसर निकेल-पितळेचे. धातू वारंवार का बदलावा लागला असेल, हा प्रश्न मुलांवर सोडा. धातूचा भाव वाढत वाढत नाण्याच्या दर्शनी किमतीच्या जवळ पोहोचला तर नाणे आटवण्यात लोकांचा फायदा होऊ लागतो, इथपर्यंत नववीची मुले स्वतःच्या विचाराने येतात, आणि त्या तासाला अर्थशास्त्राचे नावही घ्यावे लागत नाही.

तिसरा टप्पा घरातील आजी-आजोबांच्या डब्यांचा. जवळजवळ प्रत्येक घरात फडक्यात बांधलेली काही नाणी निघतातच : चौकोनी पाच पैसे, झालरीच्या कडेचे दहा पैसे, षटकोनी तीन पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, क्वचित १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा. पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली, म्हणजे आजच्या आठवीच्या मुलाने ती व्यवहारात कधी पाहिलेलीच नाहीत. त्यात १९५७ ते १९६३ मधले दहा पैशांचे नाणे सापडले तर त्यावर "नये पैसे" हे शब्द आणि "रुपये का दसवाँ भाग" अशी ओळ मुलांकडून वाचून घ्या. ही ओळ का घालावी लागली? कारण तोपर्यंत रुपया सोळा आण्यांचा व चौसष्ट पैशांचा होता, आणि १ एप्रिल १९५७ रोजी तो शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैसा कुठून द्यायचा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस नवे पैसे ठरले. आता एकेक आणा करून तीनदा सुट्टे घेणाऱ्याला किती मिळाले आणि एकदम तीन आण्यांचे घेणाऱ्याला किती, हे मुलांना मांडायला सांगा. एक पैशाचा फरक निघाल्यावर नुकसान कुणाचे झाले यावर माझ्या वर्गात जुंपली होती, आणि तो तास घंटा होऊनही संपला नव्हता.

एवढे झाल्यावरच एखादा विषय धरून जमवायला सांगावे. आपल्या भागातील मुलांसाठी मला एक विषय सुचतो : स्वतंत्र भारताच्या नाण्यांवरील महाराष्ट्र. १९९० चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच सालचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चा संत तुकारामांचा रुपया, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. यातली काही अजूनही चिल्लरीत हाती लागतात, बाकीची अदलाबदलीत मिळतात. अदलाबदल करू द्या. त्यात मुले जे शिकतात ते आपल्याला शिकवता येत नाही.

उत्तर : खणखणीत

सालवार यांनी मांडलेला क्रम उत्तम आहे. मात्र किमतीच्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली, म्हणून त्याविषयी लिहितो. मी या व्यवसायात आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या दृष्टीने तोलून घ्यावे.

"याचे किती येतील?" असे विचारणाऱ्या मुलाला आपण लोभी ठरवतो आणि छंद हा पैशासाठी नसतो असे सांगून गप्प करतो. ते मूल घरी जाऊन तोच प्रश्न मोबाइलला विचारते, आणि तेथे त्याला सांगितले जाते की वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, फक्त आधी नोंदणी शुल्क भरा. या फसवणुकीचे प्रमाण असे वाढले की, ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः निवेदन काढून सांगितले की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काहीही संबंध नाही आणि बँक अशा व्यवहारांसाठी कुणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही. म्हणून माझे मत असे की, किमतीचा प्रश्न पहिल्याच तासाला उघडपणे घ्यावा. नाणे किती जुने आहे यावर किंमत ठरत नाही. ते किती शिल्लक आहे, किती जणांना हवे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते. दीड हजार वर्षांपूर्वीचे झिजलेले नाणे काही शे रुपयांत मिळू शकते आणि तुमच्या आजोबांच्या काळातले एखादे नाणे त्याहून कितीतरी महाग असू शकते. हे एकदा समजलेले मूल सहसा फसत नाही.

दुसरे म्हणजे मुलांना बनावट नाणी मुद्दाम दाखवा. बाजारात ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने, १८१८ हे साल घातलेली, एका बाजूस रामदरबार किंवा हनुमान असलेली नाणी भरमसाट मिळतात. कंपनीने असे नाणे कधीही पाडले नाही. ती सगळी अलीकडची कारागिरी आहे, आणि ती चुंबकासारखी तांदूळ खेचते वगैरे कथा तर निव्वळ ठगांच्या. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाच्या नकलाही अशाच ढीगभर फिरतात. अशी दोन-चार खोटी नाणी शे-दोनशे रुपयांत घ्या, एक खरे शेजारी ठेवा आणि कडा, वजन व अक्षरांची धार यांवरून खरे कोणते ते मुलांना ओळखू द्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान वजनकाटा आता स्वस्तात मिळतो. माझा अनुभव असा की, खोटे पकडण्याचा आनंद खरे मिळवण्याच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नसतो, आणि त्या वयात तर तो अधिकच असतो.

उत्तर : ब्राह्मी शिकाऊ

येथे सर्व ज्येष्ठ लिहीत आहेत, म्हणून ज्यांच्याविषयी हा प्रश्न आहे त्यांच्यातर्फे थोडे लिहिण्याची परवानगी घेतो. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो.

तरुण येत नाहीत, ही तक्रार मी प्रत्येक प्रदर्शनात ऐकतो. तेथे आम्ही येतो. टिकत नाही, आणि त्याची कारणे आहेत. नाणे काचेआड असते. चिठ्ठीवर "मराठा, रुपया, चांदी" एवढेच लिहिलेले असते. काही विचारले तर "आधी जमवायला लागा, मग कळेल" असे उत्तर मिळते. गटाच्या मोबाइल समूहात गेलो तर तेथे दिवसभर लिलावाची छायाचित्रे आणि सुप्रभात असते. ज्याच्या खिशात महिन्याला तीनशे रुपये उरतात त्याने तेथे करायचे काय?

मला खेचले ते वाचनाने. पश्चिम भारतातील प्राचीन क्षत्रप राजांच्या चांदीच्या नाण्यावर कडेने ब्राह्मीत राजाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि राजाच्या मुखामागे शककाळातले साल असते, हे एका अभ्यासकांनी मला दाखवले, अक्षरांचा तक्ता दिला आणि एका नाण्याचे छायाचित्र मोठे करून माझ्यासमोर ठेवले. पहिली पाच अक्षरे लागायला एक अख्खी संध्याकाळ गेली. पण जे नाणे माझ्या करंगळीच्या नखाएवढे होते त्याने मला बाप-लेकाची नावे सांगितली, आणि तेव्हापासून हे वेड सुटलेले नाही. पेशवाईतील अंकुशी रुपया पाहा : टांकसाळ मराठ्यांच्या सत्तेखाली, खूण अंकुशाची, आणि मजकूर मात्र फारसीत मुघल बादशहाच्या नावाचा. असे का, हा प्रश्न कोणत्याही मराठी मुलाला अस्वस्थ केल्याशिवाय राहणार नाही. शिवराईवर तर "श्री राजा शिव" आणि "छत्रपति" हे देवनागरीत असल्यामुळे आठवीचा विद्यार्थी ते पहिल्याच दिवशी वाचू शकतो. म्हणून पहिले काही तास शिवराई शाळेत नेऊच नये हे सालवार सरांचे म्हणणे मला तितकेसे पटत नाही. न्यावी, पण काचेशिवाय न्यावी, आणि वाचायला द्यावी.

जोगळटेंभीची हकीकत मुलांना अवश्य सांगावी. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील या गावी क्षहरात वंशातील नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा सुमारे तेरा हजारांचा साठा सापडला आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. क्षहरातांचा वंश आपल्या मुलाने निर्मूल केला असे त्याची आई गौतमी बलश्री नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात म्हणते; नाणी तीच गोष्ट सांगतात, तीही हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचे चिन्ह ठोकून. शाळेची सहल त्र्यंबकेश्वरला जातच असेल तर वाटेवर अंजनेरी येथे भारतीय मुद्रा अध्ययन संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे; मुंबईस गेल्यास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन पाहता येते.

आता मुख्य सूचना. आपल्या गटातील ज्येष्ठांच्या संग्रहांची सूची करण्याचे काम मुलांना द्या. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, व्यास, धातू, मजकूर आणि ते कोठून मिळाले याची ज्येष्ठांनी सांगितलेली माहिती, एवढे एका तक्त्यात भरायचे. मोबाइल आणि संगणक आम्हाला येतो, नाणे ओळखणे तुम्हाला येते. आपल्या दिवंगत सभासदांची वही हरवली म्हणून आपण हळहळता. अशी सूची असती तर निदान तेवढे तरी हरवले नसते, आणि आपल्या डब्यात काय आहे हे त्यांच्या मुलांनाही कळले असते. सुरक्षिततेची चिंता असल्यास सूचीत मालकाचे नाव न घालता केवळ क्रमांक घालावा आणि ती गटाबाहेर जाऊ देऊ नये. एखाद्याची शंभर नाणी अशी हाताळलेल्या मुलाला नाणेसंग्रहाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

उत्तर : मांडवीतीर

मी गोव्याहून लिहितो. आमच्याकडे हा मार्ग आणखी सोपा आहे, कारण १९६१ पर्यंत येथे पोर्तुगीज नाणी चालत असल्यामुळे कोणत्याही जुन्या घरात रुपिया किंवा एस्कुदो सापडतो. १९५८ साली रुपिया जाऊन एस्कुदो आला आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो झाले. म्हणजे ज्या आजीचे त्या सुमारास लग्न झाले तिने काही वर्षांत तीन चलने हाताळली. आम्ही मुलांना नाणे आणायला सांगण्याऐवजी त्या नाण्यात काय विकत मिळत असे हे घरी विचारून लिहून आणायला सांगितले. नाण्यांपेक्षा त्या वह्याच अधिक मोलाच्या ठरल्या आहेत. साताऱ्यातही आण्या-पैशांबाबत असे करता येईल, मात्र ज्यांना ते आठवते ती माणसे आता थोडी उरली आहेत, तेव्हा हे काम आधी उरकावे.

उत्तर : दस्तऐवज

वरील चर्चेत दोन गोष्टी राहिल्या आहेत आणि त्या मुलांच्या हितासाठी आवश्यक आहेत.

एक, कायदा. शेतात, घराच्या पायात किंवा पडक्या वाड्यात पुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. लपवल्यास वाटा तर जातोच, शिवाय शिक्षाही होते. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातील संग्राहकांशी ऑनलाइन अदलाबदल करू पाहणाऱ्या उत्साही मुलांना हे आधीच सांगितलेले बरे. ठेवा सापडल्याचे कुणी वर्गात सांगितले तर शिक्षकांनी तो विषय हसण्यावारी नेऊ नये.

दोन, स्वच्छता. आपल्या घरांत तांबे दिसले की चिंच लावायची सवय आहे. नाण्याला चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांतले काहीही लावू नये. वर्षानुवर्षांत बसलेला तो तपकिरी-काळसर थर नाण्याचे रक्षण करतो. तो घासला की अक्षरांची धार जाते आणि गेलेली धार परत येत नाही. नाणे कडेला धरावे, खाली मऊ कापड अंथरावे, आणि वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत ते ठेवू नये, कारण त्या प्लॅस्टिकमुळे काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. साध्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने नोंद करून ठेवले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत ही चर्चा वाचून दाखवली. चिल्लर, भिंग आणि चुंबक यांपासून सुरुवात करण्यावर एकमत झाले. खोटी नाणी दाखवण्याची कल्पना आमच्या एका सभासदांना फारच आवडली. त्यांच्याकडे अशी पुष्कळ आहेत आणि ती का आहेत हे आम्ही विचारले नाही. सूचीच्या प्रस्तावावर मात्र बरीच चर्चा झाली. दोघांनी संग्रह दाखवण्यास नकार दिला, तिघे तयार झाले, आणि मी माझ्या शिवरायांपासून सुरुवात करावी असे ठरले. त्यात काही दुदांडीही (दोन आडव्या रेघा असलेल्या) आहेत. एक शंका उरते : शिवराईवरील अक्षरांच्या वळणांत इतके भेद आहेत की, तक्त्यात मजकूर कसा भरावा हे मुलांना कसे सांगावे?

ब्राह्मी शिकाऊ

जसे दिसते तसेच लिहावे. शुद्ध करून लिहू नये. "शिव" ऐवजी "सिव" दिसले तर "सिव" लिहावे, अक्षर नाण्याबाहेर गेले असेल तर तेथे रिकामा चौकोन काढावा आणि अंदाज वेगळ्या रकान्यात द्यावा. दुदांडीसाठी दोन आडव्या रेघांचा स्वतंत्र रकाना ठेवावा. पहिली वीस नाणी दोन मुलांनी एकमेकांचे न पाहता वाचावीत आणि मग ताडून घ्यावीत. तक्त्याचा नमुना मी आजच आपल्याला पाठवतो.